खालचा गॅस

आई,

आज परत एका घरात मला तुझ्या नावावर चहा मिळाला. मी कुणाची मुलगी हे कळलं की इथली माणसं माझे बूट निघायच्या आत आधण ठेवतात. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अमेरिकेतल्या या ट्रॉय गावातल्या कितीतरी मराठी घरांत चकलीची भाजणी अजून तुझ्याच मापाने होते. आणि ती वरच्या स्वयंपाकघरात कुणी भाजत नाही, खाली बेसमेंटमध्ये, तू दाखवून दिलेल्या जागी भाजतात. मला त्या जागेबद्दलच लिहायचंय. आजचा चहा दिला तो नागपूरच्या काकूंच्या सुनेने. काकू म्हणजे त्याच, दर शनिवारी तुझ्याबरोबर मेथी निवडायला यायच्या आणि निवडण्यापेक्षा बोलायच्या जास्त. त्यांच्याकडून निघाले आणि जवळच्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसले. दुपारचं ऊन आहे, कडेचा बर्फ वितळून चिखल झालाय, आणि मला इतक्यात घरी जायचं नाही.

माझं काम तुला मी कधी नीट समजावलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात तू सगळ्यांना सांगायचीस, "आमची धूळ मोजते." त्यावर समोरची बाई गप्प झाली की घाईघाईने पुढे जोडायचीस, "स्कॉलरशिप आहे तिला." मला तेव्हा भयंकर राग यायचा. आता वाटतं, इतक्या थोडक्यात तर मलाही सांगता येत नाही. मी मोजते ती धूळ डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असे कण असतात ते. नाकाला आणि घशाला ते अडवता येत नाहीत, ते सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि त्यांतले काही तिथून रक्तात उतरतात. गाड्यांच्या धुरात असतात, कारखान्यांच्या धुराड्यांत असतात. कॅनडातली जंगलं पेटली की इथलं आकाश पिवळं पडतं, तेव्हा तर लहान मुलांनाही कळतं. आणि कढईत तेल तापलं की त्यातूनही निघतात. हे शेवटचं वाक्य मी आता व्याख्यानांत अगदी सहज म्हणते. तुझ्यासमोर ते म्हणायची वेळ आली नाही.

आपण इथल्या आपल्या घरात राहायला गेलो तेव्हा मी आठवीत होते. वरचं स्वयंपाकघर बघून तू हरखून गेली होतीस, आणि पहिल्याच फोडणीला स्मोक डिटेक्टर असा काही कोकलला की बाबा अर्धी दाढी टाकून धावत आले. शेगडीवरचा एक्झॉस्ट नुसता नावाला होता. धूर वर ओढायचा आणि जाळीतून परत आपल्याच तोंडावर सोडायचा. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट बंद, पायाखाली कार्पेट, दाराजवळच्या कपाटात सगळ्यांचे कोट. हिंगाचा वास त्या कोटांना धरून बाबांच्या ऑफिसात जायचा. त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नसावं. पण त्यांचे बॉस जेवायला येणार होते तेव्हा तू सकाळपासून घरभर सुवासिक मेणबत्त्या लावून बसलीस आणि शेवटी पाहुण्यांना पिझ्झा मागवून घातलास, हे मला चांगलं आठवतं. एवढी सुगरण बाई, आणि कागदी खोक्यातून पिझ्झा काढून वाढतेय. नंतर थोड्याच दिवसांत खालचा गॅस आला. कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधली जुनी शेगडी, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या गॅस लाइनमधून काढलेला फाटा, वॉशर-ड्रायरच्या शेजारी हातभर ओटा. छताला टेकलेली एकच बुटकी खिडकी होती, ती थंडी येते म्हणून बाबांनी कायमची बंद करून टाकलेली. तिथल्या डिटेक्टरला तू हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घातलीस आणि कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "आता मी आणि माझी कढई. कसला वास येतोय म्हणून विचारायला कुणी येणार नाही." शेजारची फर्नेस तीच हवा ओढून घरभर फिरवत होती, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबा इंजिनिअर होते, त्यांच्याही नाही.

मग वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला उरलं. तिथे चहा व्हायचा, फळं कापली जायची, ओटा दिवसभर लखलखत असायचा. खरा संसार खाली. तुझं बघून एकेकीला खालचा गॅस हवासा वाटू लागला, आणि तू प्रत्येकीच्या बेसमेंटमध्ये जाऊन जागा ठरवून द्यायचीस. इथे ठेव, इथे नको, जिन्याच्या दाराला खालून टॉवेल लाव म्हणजे वास वर जाणार नाही. दिवाळीच्या आधी चार-पाच जणी आपल्याकडे खाली जमायच्या. मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की सगळ्या एकदम खोकायच्या आणि खोकता खोकता हसायच्या. ठसका लागला नाही तर ती मिरची कसली, असं तू म्हणायचीस. मी अर्ध्या जिन्यात आले तरी ओरडायचीस, "वर जा, धूर आहे." तिथे तू जितकी खूश असायचीस तितकी मी तुला वर कधी पाहिली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण माझ्या शोधनिबंधात त्याला कुठेही जागा नाही.

मग तुझा खोकला सुरू झाला. आधी तो थंडीचा होता, मग ॲलर्जीचा झाला, मग कार्पेटचा. कार्पेट काढून लाकडी फरशी घातली, तरी खोकला गेला नाही. फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न, सिगारेट ओढता का. दुसऱ्या डॉक्टरांचाही तोच. स्कॅन करणाऱ्या मुलीनेही तोच विचारला. तुला इंग्रजी उत्तम कळायचं, पण या प्रश्नाला तू त्यांना उत्तर द्यायची नाहीस. माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचीस, "सांग त्यांना, आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही." मी त्याचं भाषांतर 'नेव्हर' असं करायचे. मग ते बाबांबद्दल विचारायचे. बाबाही ओढत नाहीत म्हटल्यावर मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्यात तुला अविश्वास दिसायचा. पुढे पुढे तर तुला आजारापेक्षा त्या प्रश्नाचीच लाज वाटायला लागली. भारतात फोन केलास तेव्हा न्यूमोनिया झालाय म्हणून सांगितलंस. तू स्वयंपाक कुठे करतेस, तिथली खिडकी उघडते का, हे मात्र कुणीही विचारलं नाही. मीही नाही. माझी पीएचडी चालू होती, बाहेरच्या हवेवर. रोज हायवेच्या कडेला यंत्रं लावून ट्रकांचा धूर मोजत बसायचे. संध्याकाळी येऊन तुझ्या पलंगाशी बसले की तू माझ्या केसांचा वास घ्यायचीस आणि म्हणायचीस, "किती धूर खातेस गं दिवसभर. तोंड धू आधी."

घरातल्या हवेकडे मी वळले ते तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. लोक विचारतात, आईमुळे का. मी नाही म्हणते. ग्रँट तिकडे मिळत होती म्हणून, असं सांगते, आणि तेही खोटं नाही. भारतीय घरांतला स्वयंपाक आणि त्याने होणारी हवा, असा विषय. म्हणजे आपलीच माणसं. मला वाटलं होतं यंत्र बघून कुणी दार उघडणार नाही. झालं उलटंच. तुझ्या मैत्रिणींनी मला बोलावून बोलावून घरं दिली. पण त्यात एक गोची झाली. मी फोनवर बजावायचे, रोजचा स्वयंपाक करा, मला रोजची हवा मोजायचीय. "हो हो, रोजचंच," असं म्हणायच्या, आणि मी जावं तर अळूवडी, पुऱ्या, बटाट्याची भजी. मैत्रिणीची मुलगी घरी येतेय, तिला काय नुसता वरण-भात घालायचा? एकीने तर कुठलाही सण नसताना पुरणाचा घाट घातला होता. पहिल्या खेपेची सगळी मोजमापं मला टाकून द्यावी लागली. त्याचं कारण माझ्या अमेरिकन सहकाऱ्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. त्याने विचारलं, "सो दे कुक्ड फॉर द मशीन?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

मग मी जेवायला थांबणं बंद केलं. यंत्र लावायचं, निघून जायचं, दुसऱ्या दिवशी न्यायला यायचं. सगळ्या रुसल्या, पण त्या दिवशी घरात साधी कांद्याची फोडणी पडली आणि मला खरे आकडे मिळाले. ते वाईट होते. हायवेच्या कडेला ट्रकांच्या रांगेत बसून मी जे पाहिलं होतं त्याहून वाईट, आणि जिथे खालचा गॅस होता तिथे सगळ्यांत वाईट. आमच्या प्रश्नांत एक प्रश्न असायचा, ही शेगडी इथे बसवायचं कसं सुचलं. तो विचारायची मला पुढे पुढे धास्ती वाटायला लागली. त्या हसत म्हणायच्या, "अगं, तुझ्या आईनेच तर जागा दाखवली." आणि मी ते लिहून घ्यायचे, "मैत्रीण" असं.

काकूंच्या घरी मी मागच्या थंडीत गेले. काका गेल्यावर त्यांचा मुलगा आणि सून त्याच घरात राहायला आले. वरचं स्वयंपाकघर सुनेने नवीन करून घेतलंय, इतकं पांढरंशुभ्र की हळदीचा एक डाग पडला तर जन्मभर जायचा नाही. सून इथेच जन्मलेली आहे, मनाने चांगली आहे, काकूंना कधी एका शब्दाने बोलली नाही. काकूच आपणहून वर शिजवेनाशा झाल्या. खाली मात्र त्यांचं राज्य होतं: तुझ्यासारखाच ओटा, डब्यांची उतरंड, भिंतीवर काकांचा फोटो, आणि आपल्यासारखीच ती बंद खिडकी. मला त्यांनी निघून जाऊ दिलं नाही. मी यंत्र सुरू केलं तशा त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हे काय करून राहिलं गं? सारखं घर्र घर्र."

"हवा ओढतंय, काकू."

"म्हणजे माझ्यासारखंच," असं म्हणून त्या हसल्या आणि खोकायला लागल्या. तो खोकला मी ओळखला. तुझा असाच यायचा, हसण्याच्या पाठोपाठ.

आमच्या कामात एक नियम आहे. मोजमाप चालू असताना घरच्यांना काही बोलायचं नाही, कारण बोललं की ते खिडक्या उघडतात आणि अभ्यास बिघडतो. सगळं संपल्यावर सगळ्यांना एक छापील पत्रक पाठवायचं. मी यंत्र बंद केलं आणि तो नियम मोडला. म्हटलं, काकू, हा गॅस बंद करा. वर करा, खिडकी उघडून करा, पण इथे नको, फुप्फुसाला हे फार वाईट आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पोळपाटावर अर्धवट लाटलेली पोळी होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझी आई याच्यामुळेच गेली का?"

आई, या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. पुष्कळ माणसं घेतली तर त्यांच्यात काय होईल ते आम्ही सांगू शकतो, एका माणसाला कशाने काय झालं ते सांगू शकत नाही. कुणाच्या रक्तातच असतं, कुणाच्या बेसमेंटमध्ये जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येत असतो, कुणाचं काहीच कारण सापडत नाही. शास्त्र म्हणून यात एक शब्द चुकीचा नाही. ते सगळं मी काकूंना सांगितलं, निम्मं इंग्रजीत.

"म्हणजे तुला माहीत नाही," काकू म्हणाल्या.

"एका माणसाबद्दल कुणालाच खात्रीने माहीत नसतं, काकू."

"मग राहू दे बेटा." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "इथे नाही तर करू कुठे? वर मी पाहुणी आहे. बस, गरम गरम खा." मी बसले आणि खाल्ली. हो म्हटलं असतं तर त्यांनी गॅस बंद केला असता, हे मला त्याच वेळी कळत होतं. तुझ्या शब्दावर त्यांनी तो लावला होता, तुझ्यासाठी बंदही केला असता. पण माझ्याच्याने हो म्हणवलं नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा लहान आहे, मला ताई म्हणतो. "ताई, आईचा स्कॅन आलाय. इट्स नॉट गुड. तू मशीन लावून गेली होतीस ना? मग यू न्यू, तुला माहीत होतं?"

"मी काकूंना सांगितलं होतं रे."

"मला कॉल करायचास ना. ती मला काही सांगते का कधी?" मग म्हणाला, "डॉक्टर आस्क्ड इफ शी स्मोक्स." इतक्या वर्षांनीही तोच प्रश्न. त्या शनिवारी त्याने खालचा गॅस काढून टाकला. माणूस बोलावून लाइन बंद करून घेतली आणि शेगडी जिन्यावरून ओढत वर आणून रस्त्याच्या कडेला ठेवली. काकू खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या म्हणे. कुणीतरी पिकअप थांबवला आणि ती उचलून नेली. गाठ फार जुनी आहे, एका हिवाळ्याने फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मी स्वतःला अधूनमधून ऐकवते. पण मधल्या सगळ्या दिवसांत काकू तिथेच उभ्या राहून पोळ्या करत होत्या.

आज गेले तर त्या हॉलमध्ये सोफ्यावर होत्या. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी त्यांचं मशीन घरघरत होतं. सून चहा घेऊन आली, आलं घातलेला, चांगला झाला होता. ती शिकतेय बिचारी. "काकू शिकवतात मला, पण फक्त बोलून," ती म्हणाली. माझ्यासमोर तीही त्यांना काकूच म्हणते. घरात कसलाही वास नव्हता. डबा बाहेरून येतो, सून सूप करते, काकू दोन-चार चमचे घेऊन वाटी सरकवतात. मला म्हणाल्या, "तुझं मशीन आण एकदा. आता झिरो येईल पाहा. घरात काही शिजतच नाही."

मी हसले, आणि हसता हसता मला राग आला. तुझा. इतका की कप खाली ठेवावा लागला. इतक्या घरी जाऊन जागा दाखवायला तुला वेळ होता, आणि चार बायका जिथे एकदम खोकतात तिथे काहीतरी चुकतंय असं एकदाही मनात आलं नाही? वरचं स्वयंपाकघर काय भाड्याचं होतं? त्याचेही हप्ते बाबाच भरत होते. बॉसला हिंगाचा वास आला असता तर आला असता. फार तर तो परत जेवायला आला नसता. स्वतःच्या घरात स्वतःला तळघरात घालून घेतलंस, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत, आणि वर ते इतकं आनंदाने केलंस की सगळ्यांना त्याचा हेवा वाटला. हे सगळं मला काकूंच्या समोर बसून तुला सुनवायचं होतं. काकू नळीतून श्वास घेत माझ्याकडे बघत होत्या.

सून आत गेल्यावर त्यांनी तो प्रश्न परत विचारला. "आता तरी सांग. मला आता काही बंद करायचं नाही, काही सुरू करायचं नाही. तुझी आई त्याच्यामुळेच गेली ना?"

पाठ उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "हो, काकू."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग तशाच म्हणाल्या, "तिला माहीत असतं तर तिने मला लावू दिला नसता."

"नसता."

"मग झालं. बाकीच्यांना सांगू नको. त्या तिला नावं ठेवतील."

पण ते सांगावं लागणारच आहे. पत्रकं छापून आली आहेत, या आठवड्यात टपालात पडतील. त्यात बेसमेंटमधली शेगडी वापरू नका असं ठळक अक्षरात लिहिलंय, ते वाक्य माझंच आहे. तुझं नाव त्यात नाही. प्रत्येकजण ते वाचेल, खालच्या ओट्याकडे बघेल आणि तुला आठवेल, मग मी लिहो वा न लिहो. पुढच्या महिन्यात मंडळाने मला बोलायला बोलावलंय. तिथेही कुणीतरी मला हेच विचारेल, आणि मी पाठ उत्तर देईन, कारण तेच खरं आहे. एका माणसाबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही.

पत्रक जाईल. हे पत्र कुठे पाठवायचं? फाडणार नाही, पण पाठवण्यासारखंही ते कुठे नाही. एवढं मात्र लिहिते आणि गाडी सुरू करते. काकूंना मी हो म्हटलं ते त्यांच्यासाठी नव्हतं. ते शास्त्रही नव्हतं. इतकी वर्षं मला ते एकदा कुणासमोर तरी मोठ्याने म्हणायचं होतं. आज म्हटलं, आणि समोर काकू श्वासासाठी धडपडत होत्या तरीही, आई, मला बरं वाटलं.